मी टाचणी, मास्तरांच्या अंगठ्याला चावलेली

मित्रांनो, मी एक म्हातारी, साडेचार किलो वजनाची आणि गल्लीभर बदनाम झालेली कुत्री आहे. हा शब्द तुमच्याकडची मोठी माणसं भांडणात शिवी म्हणून वापरतात, म्हणून तुम्हाला तो उच्चारायची लाज वाटेल. मला नाही वाटत. मी खरोखरच कुत्री आहे. एके काळी माझे केस तांबूस होते, आता तोंडाभोवती पांढरे झालेत. उजव्या डोळ्यात धुकं साचलंय, डाव्याने बरं दिसतं. माझं नाव टाचणी. ते मला लाडाने मिळालेलं नाही, मी ते दातांनी कमावलंय.

आपली जीवनकहाणी सांगणारे बहुतेक जण आपण किती उपयोगी पडलो ते सांगतात. खुर्ची सांगते, माझ्यावर कोण कोण बसलं. घड्याळ सांगतं, मी कधी मागे पडलो नाही. माझ्याकडे तसलं काही नाही. मी चोर पकडला नाही, कोणाचा जीव वाचवला नाही. मी फक्त घाबरत आले, आणि घाबरले की भांडत आले. लोकांना ते कधी भांडण वाटलं, कधी गंमत वाटली. ते घाबरणं आहे हे कळायला मात्र फार उशीर झाला. त्या उशिराचाच मला अजून राग आहे.

माझा जन्म एका घराच्या मागच्या खोलीत झाला. पिल्लं विकणं हा त्या घराचा धंदा होता. महिन्याची झाले तशी मला आईपासून उचललं. त्या वयात पिल्लं भावंडांशी मारामारी करता करता शिकतात, की किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो आणि कुठे थांबायचं. माझी ती शाळा पहिल्याच इयत्तेत सुटली.

पहिल्या घरी तीन मुलं होती. वाईट नव्हती बिचारी. पण त्यांना मी बाहुली वाटायचे. मला झबली घालायची, केसांना रबर लावायचे, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचं, असा दिवसभर खेळ. एकदा त्या देवाणघेवाणीत मी सोफ्याच्या पाठीवरून खाली पडले. मागच्या पायात कळ गेली. थोडा वेळ लंगडले, मग चालू लागले, म्हणून कोणी काही पाहिलं नाही. पण त्यानंतर पोटाखाली हात घालून कोणी उचललं की तो पाय ठणकायचा. मी गुरगुरायचे. गुरगुरले की चप्पल. आठ महिन्यांची झाले तेव्हा त्या घराने निकाल दिला, चावरी निघाली. तोवर मी कोणाला चावलेही नव्हते.

तिथून मला ताईने आणलं. ताई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. एका संध्याकाळी तिने मला पिशवीत घालून घरी नेलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आठवडाभरच. तोवर कोणीतरी शोधते." ताईच्या आठवड्याला आता दहा वर्षं होऊन गेली.

तिचे बाबा शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि ताईच्या आईला काकू. घराची पुढची खोली हेच दुकान. दोन मशीन, कापायचं मोठं टेबल, भिंतीला उभा आरसा, कपडे घालून बघण्यासाठी कोपऱ्यात पडदा, आणि दारावर एक घंटा. त्या टेबलाखाली चिंध्यांच्या पोत्याशेजारी मला जागा मिळाली. ताई सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. दिवसभर मी, मास्तर आणि ती घंटा.

मित्रांनो, तुमच्या घरात दर अर्ध्या तासाला एक अनोळखी हत्ती घंटा वाजवून शिरला, आणि सोंड खाली करून तुमचं डोकं चाचपू लागला, तर तुम्ही काय कराल? मी तेच करायचे. दाराकडे तोंड करून अंग ताठ करायचे आणि घशातून आवाज काढायचे. थांबा, जवळ येऊ नका, एवढंच मी म्हणत होते. आमच्या भाषेत याहून स्वच्छ वाक्य नाही.

तर लोक हसायचे. माझ्या जागी वासराएवढा कुत्रा असता तर तेच लोक उंबऱ्यावरच थबकले असते. पण मी बशीएवढी. "अगं बाई, राग बघा तिचा," म्हणून बायका मुद्दाम वाकून हात पुढे करायच्या. बँकेतले एक साहेब पँटी शिवायला यायचे. त्यांना तर माझं गुरगुरणं म्हणजे करमणूक होती. बुटाचं टोक टेबलाखाली सरकवायचे, मी चवताळले की खो खो हसायचे आणि परत सरकवायचे. मास्तर मापं लिहिता लिहिता कसनुसं हसायचे, गिऱ्हाईक आहे म्हणून.

पुढे हसण्याचा वैताग झाला. घंटा वाजली की माझा आरडाओरडा, मापं सांगितलेली ऐकू यायची नाहीत. लांबीचे आकडे चुकले, एका मुलीचा झगा आखूड झाला. मग सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणे उपाशी ठेवा, कोणी म्हणे मानगूट धरून जमिनीवर दाबा. ज्यांच्या घरी कधी मांजर फिरकलं नव्हतं तेही दोन गोष्टी सुनावून जायचे. एकाने सांगितलं, वर्तमानपत्राची गुंडाळी करा आणि गुरगुरली की हाणा, आवाज मोठा होतो आणि लागत नाही. मास्तरांना ते पटलं.

लागत नाही, हे मारणाऱ्याने ठरवलेलं होतं.

वर्षभर ती गुंडाळी मशीनवर पडलेली असायची. मी गुरगुरले की फाडकन आवाज यायचा. मी मठ्ठ नव्हते. हळूहळू मी तो आवाज गिळायला शिकले. घंटा वाजायची, हत्ती यायचा, पण घसा गप्प. मी ओठ चाटायचे, मान फिरवायचे, कान मागे पाडायचे. ते कोणी वाचत नव्हतं. मास्तर गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे, "बघा, सुधारली की नाही."

माझ्या तिसऱ्या वर्षी शाळा उघडायच्या आधी मास्तरांकडे चाळीस गणवेशांचं काम आलं. टेबलावर निळ्या कापडाचे थर, मशीन दिवसभर चालू, घंटा थांबायला तयार नाही. त्या दुपारी माझा पाय सकाळपासून ठणकत होता. एक निळा तुकडा टेबलावरून घसरून माझ्या अंगावर पडला होता आणि त्याच्या आडोशाला मला कितीतरी वेळाने झोप लागली होती. मास्तरांनी तुकडा घ्यायला न बघता हात खाली घातला आणि तो नेमका माझ्या मागच्या पायावर पडला.

मी गुरगुरले नाही. ती वाट बंद होती. मी थेट चावले.

उजव्या हाताचा अंगठा. ज्या अंगठ्याने ते कात्री धरायचे. दात नखाखालून आरपार गेला. निळ्या कापडावर रक्ताचे थेंब पडले, काकू हात पुसत धावत आल्या आणि मी पोत्यामागे जाऊन थरथरत बसले. त्या दिवशी मला कोणी मारलं नाही. सगळे त्या हाताभोवती होते.

जखम खोल होती. इंजेक्शनं झाली, जाड पट्टी आली आणि दवाखान्यातून ताकीद मिळाली, तीन आठवडे कात्री धरायची नाही. चाळीस गणवेश दुसऱ्या शिंप्याकडे गेले. मास्तरांनी कापलेले तुकडे स्वतः गठ्ठ्यात बांधले, डाव्या हाताने. गाठ नीट बसेना म्हणून तीनदा सोडली.

संध्याकाळी घरात बोलणं झालं ते माझ्या डोक्यावरच, टेबलापाशी.

"मला तिचं वाईट करायचं नाही," काकू म्हणाल्या. "पण उद्या कोणाच्या लेकराला चावली म्हणजे? आपण तोंड कुठे लपवायचं?"

"मी बघते कोणी घेतं का," ताई म्हणाली.

मास्तर म्हणाले, "घेणाऱ्याला सांग चावते म्हणून. लपवून द्यायची नाही."

"सांगितलं तर कोण घेणार, बाबा?"

"ते मला माहीत नाही. पण सांगायचं."

ताईने पुष्कळ जणांना विचारलं. शेवटी तिच्यासोबत काम करणाऱ्या एका बाईंचे दीर तयार झाले. त्यांचं गोदाम होतं. गोदामाच्या फाटकापाशी बांधून ठेवू, भुंकली तर बरंच, असं ते म्हणाले. रविवारी न्यायला येणार होते. निदान तपासून तरी देऊ म्हणून शुक्रवारी ताई मला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होता. त्याने मला टॉवेलात गुंडाळलं, चेहरा झाकला आणि एकेक पाय हळू हळू वाकवून बघितला. डाव्या मागच्या गुडघ्याशी येऊन थांबला.

"हिला उचलता कशा?"

ताईने हवेत दाखवलं, पोटाखाली एक हात घालून.

"गुडघ्याची वाटी सरकते हिची. जुनं दुखणं आहे. असं उचललं की पाय लोंबतो आणि कळ येते. ज्याने ज्याने प्रेमाने उचललं, त्याने दुखवलं, एवढंच हिला माहीत आहे."

ताई दिवसभर लोकांच्या रक्तात दुखणी शोधते आणि घरातलं दुखणं तिला दिसलं नव्हतं. तिने गोदामाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "फाटकापाशी बांधलेला घाबरट कुत्रा महिन्याभरात कोणाचा तरी लचका तोडतो. मग पुढे काय होतं ते मी सांगायला नको. औषधाने पाय शांत होईल. भीती नाही होणार. तिच्यासाठी एक बाई आहेत, त्यांना एकदा घरी बोलवा."

रविवारी गोदामवाल्यांना महिनाभर थांबा म्हणून फोन गेला. नको म्हणून नव्हे, थांबा म्हणून. हे मला नीट लक्षात आहे.

कुत्र्यांना वळण लावणाऱ्या त्या बाई पन्नाशीच्या होत्या. आत आल्या त्या माझ्याकडे न बघता, नुसत्या भिंतीला टेकून खाली बसल्या, तिरक्या. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एक हत्ती माझ्याकडून तोंड फिरवून बसला होता. बोलता बोलता त्यांच्या हातातून उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे पडत होते, जणू चुकून.

"आधी गुरगुरायची का?" त्यांनी विचारलं.

"गुरगुरायची. मी मोडली ती खोड," मास्तर म्हणाले.

"मास्तर, मशीन खडखड करायला लागलं तर तुम्ही काय करता?"

"उघडून बघतो. तेल घालतो."

"कानात बोळे घालत नाही ना?"

मास्तरांनी पट्टीचा हात दुसऱ्या हातात धरला.

मग बाईंनी सांगायला सुरुवात केली. टेबलाखालची जागा हिची, तिथे कोणाचाही हात जाणार नाही. कोणी उचलायचं नाही. ती गुंडाळी आजपासून बंद. गिऱ्हाइकाने तिच्याकडे बघायचंही नाही. माणूस दिसला की तिला खाऊ मिळाला पाहिजे, पण माणूस एवढा लांब हवा की तिला घास गिळवेल. शिवाय तोंडाला जाळीचं मुसकं, खाऊ दाखवत हळूहळू सवयीचं करायचं, म्हणजे दवाखान्यात कोणाला इजा होणार नाही.

"लांब म्हणजे किती?" मास्तरांनी विचारलं. "आकडा सांगा."

"आकडा तुम्हीच काढायचा. बघून."

"आणि किती दिवस लागतील?"

"शर्टाची तारीख देता येते, मास्तर. हिची नाही देता येत."

मास्तर स्वभावाने उतावळे, आणि हात अडकलेला, काम नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यातला टेप काढला. घंटा वाजली, शेजारच्या बाई दारात उभ्या राहिल्या आणि मास्तर माझ्याकडे बघत बसले. त्या एक पाऊल आत आल्या. मी तुकडा खाल्ला. दुसरं पाऊल. खाल्ला. तिसऱ्या पावलाला मी तुकडा तोंडात धरला पण गिळला नाही, कान मागे गेले. "थांबा तिथेच," मास्तर म्हणाले आणि टेप घेऊन खाली बसले. साडेअकरा फूट. डाव्या हाताने त्यांनी फरशीवर खडूची रेघ मारली. ती वाकडी आली म्हणून पुसून परत मारली.

वाचताना सोपं वाटेल. सोपं नव्हतं. औषधाने आठवड्याभरात पाय ठणकायचा थांबला, पण मला ते खरं वाटेना. उद्या दुखेलच, असं वाटायचं. रेघ एका आठवड्यात फूटभर पुढे सरकायची, दुसऱ्या आठवड्यात तिथेच. गिऱ्हाइकांना रोज तेच पुराण सांगून मास्तरांच्या नाकीनऊ आले. "कुत्र्याकडे बघू नका" म्हटलं की माणूस सगळ्यात आधी कुत्र्याकडेच बघतो. मीही वैतागले होते. खाऊ तोंडात आणि भीती पोटात, दोन्ही एकाच वेळी सांभाळून बघा कधी.

रेघ आठ फुटांवर आली असताना बँकेतले साहेब आले. मास्तरांनी सांगितलं ते त्यांनी हसण्यावारी नेलं. रेघ ओलांडली, आणि जुन्या सवयीने बुटाचं टोक टेबलाखाली घातलं. मी त्यांच्या पँटीचा काठ फाडला.

मास्तरांचा हात आपोआप मशीनवरच्या वर्तमानपत्राकडे गेला. मी पाहिलं आणि जमिनीला चिकटले. त्यांनीही मला पाहिलं. कागद हातात धरून ते तसेच उभे राहिले, मग त्यांनी तो घडी घालून खाली ठेवला.

"साहेब, रेघ कशाला मारली होती?"

"अहो, मुठीएवढं जनावर. त्याला काय घाबरायचं?"

"तुम्ही नाही घाबरायचं. ती घाबरते."

"कुत्रीपायी गिऱ्हाईक घालवणार तुम्ही?"

"तुमची पँट तयार आहे," मास्तर म्हणाले. "फाडली तीही शिवून देतो. पण पुढच्या वेळी बाहेरून हाक मारा."

पुढची वेळ आलीच नाही. साहेब दुसरीकडे जाऊ लागले.

आणि माझी रेघ? ती परत बारा फुटांवर गेली, सुरुवातीपेक्षाही मागे. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. त्या संध्याकाळी मास्तर डोकं धरून बसले. "आपल्याच्याने होत नाही हे. मी हात टेकले."

काकू दारात उभ्या होत्या. मला देऊन टाका म्हणणाऱ्या त्याच. "मग गोदामवाल्यांना फोन लावू?"

"फोन नको लावूस."

"मग कुरकुर नको. रेघ मारा आणि जेवायला या."

मास्तर उठले आणि रेघ मारून जेवायला गेले.

त्यानंतर आणखी तीन महिने गेले असतील. अंगठ्याची पट्टी कधीच निघाली होती, नख वाकडं उगवलं होतं. एका सकाळी मास्तरांच्या हातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ सुटलं आणि गडगडत माझ्या अंथरुणाला येऊन लागलं. ते घाईत होते. विसरले, वाकले आणि त्यांचा हात टेबलाखाली आला. तोच उजवा हात.

माझं अंग ताठ झालं. दात तयार होते. पण मित्रांनो, त्या महिन्यांत एक गोष्ट बदलली होती. इतके दिवस फाडकन आवाज झाला नव्हता. माझ्या घशात काहीतरी हललं. कितीतरी दिवस न वापरलेल्या बिजागरीसारखं, खरखरीत, अर्धवट. मी गुरगुरले.

हात जागच्या जागी थांबला.

मी वाट बघत होते, आता कागद येईल म्हणून. कागद आला नाही. हात हळूच मागे गेला. मास्तर टाचांवर बसले आणि म्हणाले, "बरं." मग त्यांनी एक तुकडा माझ्यापासून लांब टाकला आणि आत वळून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? गुरगुरली."

काकू घाईघाईने आल्या. "कोणावर?"

"माझ्यावर."

"चावली?"

"नाही ना. चावायच्या आधी सांगितलं तिने." आणि त्यांचा आवाज असा होता, जणू त्या घरात कोणी परीक्षेत पहिलं आलंय. त्यांनी ताईला कामावर फोन करून तेच परत सांगितलं. ते रीळ दिवसभर माझ्याजवळ पडून राहिलं. त्यांनी दुसरं काढलं आणि शिवायला बसले.

मित्रांनो, ही गोष्ट इथे गोड होऊन संपते असं समजू नका. मी काही शहाणी झाले नाही. रेघ चार फुटांवर येऊन अडली ती अडलीच. दवाखान्यात मी आजही मुसकं घालून जाते. घंटा वाजली की मी अजून पोत्यामागे सरकते. मास्तरांना बारीक सुई आता नीट धरता येत नाही, काजं करायला त्यांना काकूंची मदत लागते. ते पाहून मला वाईट वाटतं. आमच्यात माफी मागतात ती जवळ जाऊन बसून, आणि जवळ बसणंच मला कधी धड जमलं नाही. आणि रागही येतो. तीन वर्षं मी एकच वाक्य बोलत होते, ते ऐकायला एक अंगठा खर्ची पडावा लागला, याचा राग.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते. लहान कुत्रं म्हणजे खेळणं नव्हे. ते तुमच्याकडे येईपर्यंत थांबा, वरून हात घालू नका, पोटाखाली धरून उचलू नका. ते तोंड फिरवू लागलं, ओठ चाटू लागलं, अंग आखडू लागलं, तर चार पावलं मागे या. एकाएकी चिडकं झालं तर त्याला कुठे दुखतंय का ते आधी डॉक्टरांना विचारा. आणि ते गुरगुरलं तर हसू नका, मारूही नका. ते अजून तुमच्याशी बोलतंय. बोलू द्या त्याला.